एकाच उन्हात दोन वस्त्या

जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरावर उष्णतेची लाट आली. १३ जुलैला पारा ४१ अंश सेल्सिअसवर गेला, रात्रीही हवा तापलेलीच राहिली. त्या काळात शहरात एरवीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. बरेच जण बंद घरात एकटेच गेले.

मृतांमध्ये वृद्ध, गरीब आणि एकटे राहणारे अधिक असावेत, हे अपेक्षितच होतं. पण समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी वस्तीवार आकडे तपासले, तेव्हा एक कोडं समोर आलं. नॉर्थ लॉन्डेल आणि साउथ लॉन्डेल या लागून असलेल्या वस्त्या. ऊन तेच, गरिबी दोन्हीकडे, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं प्रमाणही जवळपास सारखं. तरीही नॉर्थ लॉन्डेलमध्ये लाखामागे ४० माणसं दगावली आणि साउथ लॉन्डेलमध्ये चारपेक्षाही कमी.

नॉर्थ लॉन्डेलमधले कारखाने बंद पडले होते. त्यांच्यामागोमाग दुकानं गेली, ऐपत असलेली कुटुंबं गेली, मोकळ्या भूखंडांवर गवत माजलं आणि गुन्हेगारी वाढली. तिथले वृद्ध भीतीपोटी दारं-खिडक्या लावून घरात बसत. साउथ लॉन्डेलचे रस्ते गजबजलेले होते. चार पावलांवर दुकान होतं, त्यामुळे म्हातारी माणसं बाहेर पडत, दुकानातल्या गारव्यात थोडं थांबत, आणि कोणी दोन दिवस दिसलं नाही तर ते इतरांच्या लक्षात येई. या वस्तीत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची, कुटुंबं जास्त, त्यांच्यात घरोबा अधिक, म्हणून ती वाचली, असा खुलासा अनेकांनी केला. तो मला अपुरा वाटतो. माणूस कितीही माणसाळू असला तरी ओस पडलेल्या रस्त्यावर तो भेटणार कोणाला?

वस्त्या ओस पडतात, एकोपा विरतो, तेव्हा ‘माणसं स्वार्थी झाली’ असं आपण सहज म्हणून जातो. प्रयोगांतून दिसणारं चित्र याहून गुंतागुंतीचं आहे. अर्थतज्ज्ञ अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांच्या एका प्रसिद्ध प्रयोगात चौघांच्या गटात प्रत्येकाला २० नाणी मिळत. सामायिक निधीत टाकलेल्या प्रत्येक नाण्यामागे चौघांनाही प्रत्येकी ०.४ नाणं परत मिळे. म्हणजे सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाचे २० चे ३२ होतात. पण एकट्याने हात आखडता घेतला तर त्याचा स्वतःचा फायदा आणखी वाढतो. अशा खेळात सुरुवातीला लोक बऱ्यापैकी देतात आणि फेरीगणिक निधी आटत जातो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात निव्वळ फुकटे निघाले सुमारे तीस टक्के. निम्मे लोक ‘इतर देत असतील तर मीही देईन’ या वृत्तीचे होते. निधी आटतो तो प्रामुख्याने या निम्म्या लोकांचा विश्वास उडाल्यामुळे. उरलेले काही देत नाहीत हे दिसलं की तेही थांबतात.

सार्वजनिक सेवांबाबत याला आणखी एक धार आहे. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांना नायजेरियात एक विचित्र गोष्ट दिसली. उत्तरेकडचा भुईमूग बंदरापर्यंत नेण्यासाठी रेल्वेला मालमोटारींची स्पर्धा सुरू झाली, तरी रेल्वे सुधारली नाही, उलट ढिसाळच राहिली. १९७० मध्ये त्यांनी याचं स्पष्टीकरण मांडलं. रेल्वेच्या गैरसोयीने जे सर्वांत जास्त वैतागले असते, ज्यांनी तक्रारी करून अधिकाऱ्यांना जागं ठेवलं असतं, तेच ग्राहक मालमोटारींकडे निघून गेले. रेल्वे सरकारी पैशावर चालत असल्याने ग्राहक गेल्याचं तिला फारसं सोयरसुतकही नव्हतं.

सरकारी शाळा, दवाखाने, बससेवा यांचं जगभर अनेक ठिकाणी हेच झालं आहे. ज्यांना परवडतं ते खासगी सेवेकडे वळतात. त्यांचा निर्णय एकेकटा पाहिला तर शहाणपणाचाच असतो, आपल्या लेकराला वाईट शाळेत कोण ठेवील? पण त्यांच्यासोबत त्यांचा आवाज, ओळखी आणि पाठपुराव्याची ताकदही निघून जाते. मागे राहतात ते ज्यांच्या तक्रारीची फारशी दखल घेतली जात नाही असे लोक. सेवा आणखी खालावते आणि पुढचे जायला तयार होतात. शिवाय वेगवेगळ्या थरांतली माणसं एकाच रांगेत उभी राहायची, एकाच बाकावर बसायची, ती जागाही संपते. मला हे नुकसान सर्वांत मोठं वाटतं, कारण ते कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

ही घसरण रोखता येते, आणि त्यासाठी माणसांचा स्वभाव बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. १९९९ मध्ये शिकागोत पुन्हा उष्णतेची लाट आली. या वेळी प्रशासनाने थंडाव्याची केंद्रं उघडली, तिथवर मोफत बस सोडल्या, वृद्धांना फोन केले आणि पोलिस व पालिका कर्मचाऱ्यांना एकट्या राहणाऱ्यांच्या दारोदार पाठवलं. मृत्यू या वेळीही झाले, पण १९९५ च्या तुलनेत खूपच कमी.