हाडातला फ्लोरिन दिसत नाही म्हणून बरं: रंगीत एमआरआयची पार्श्वभूमी

आपल्या विदर्भात फ्लोराईड म्हटलं की चंद्रपूर-यवतमाळकडचे पिवळे दात अन् बोअरवेलचं पाणी आठवते, आणि नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं तुरटी-चुना टाकून पाणी साफ करायची काढलेली नलगोंडा पद्धत. मग तोच फ्लोरिन बारीक कणांत भरून, उंदराला टोचून लोक रंगीत एमआरआय, म्हणजे वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या रंगांत दाखवणारं चित्र, काहून काढून राहिले?

नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यांत रोज होतो तो एमआरआय पाण्यातल्या नि चरबीतल्या हायड्रोजनवर चालतो. लॉटरबर या शास्त्रज्ञानं १९७३ ला ते चित्र काढायचं तंत्र मांडलं, १९७७ ला फ्लोरिनचीही चित्रं निघाली. निसर्गातला फ्लोरिन सगळा एकाच प्रकारचा, फ्लोरिन-१९, तेवढेच अणू घेतले तर त्याचा सिग्नल हायड्रोजनच्या ८३ टक्के, आणि मुख्य म्हणजे शरीराचा स्वतःचा फ्लोरिन मशीनला दिसतच नाही. हाडादातात आहे तो, पण तिथं घट्ट बसलेला, सिग्नल क्षणात विझतो. म्हणजे दिसलं ते फक्त तुम्ही टोचलेलंच!

पण टोचायचं काय? इथं इतिहास अणुबॉम्बकडे जातो. बॉम्बसाठी लागणारं युरेनियम हेक्झाफ्लोराईड सगळं खाऊन टाकायचं, त्याला टिकणारे द्रव पाहिजे होते, म्हणून अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रोजेक्टच्या काळात परफ्लुरोकार्बनवर, म्हणजे कार्बनला फ्लोरिन जोडलेल्या द्रवांवर, जोरात काम झालं. १९६६ ला क्लार्क आणि गोलन या शास्त्रज्ञांनी ऑक्सिजन भरलेल्या अशाच द्रवात उंदीर बुडवला तरी तो श्वास घेत राहिला, मग त्यातून कृत्रिम रक्ताची कल्पना, आणि १९८९ ला अमेरिकेत फ्लुओसोल या परफ्लुरोकार्बनच्या कृत्रिम रक्ताला मंजुरी. इमेजिंगवाल्यांना आयता माल भेटला. २००५ ला संशोधक एरिक आरेन्सच्या गटानं डेन्ड्रिटिक पेशींत (या रोगप्रतिकारक पेशी) परफ्लुरोकार्बन भरून उंदरात त्या कुठं जातात ते पाहिलं.

रंगाचं सांगायचं तर खरा रंग काहीच नसतो. रेणूत शेजारी कोण आहे त्यावर फ्लोरिनची फ्रिक्वेन्सी थोडी सरकते, रेडिओवर स्टेशन लावावं तशी एकेक वेगळी पकडायची, रंग नंतर कॉम्प्युटर भरतो. २००७ ला अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या गटानं दोन वेगळे परफ्लुरोकार्बन घेऊन दोन पेशीगट वेगळे दाखवले. अडचण अशी की काही रेणूंचे सिग्नल पाच-सहा ठिकाणी फुटतात, मग प्रत्येक तुकडा कमजोर, म्हणून क्राऊन इथर हा कड्यासारखा परफ्लुरोकार्बन आवडता, त्यात २० च्या २० फ्लोरिन सारखे. जपानमधल्या ओसाकाच्या किकुची यांच्या गटानं २०१४ ला परफ्लुरोकार्बनवर सिलिकाचं कवच चढवलं, २०१८ ला त्याच वाटेनं जिवंत उंदरात मल्टिकलर. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटनं तर द्रवच सोडला, कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियम फ्लोराईडचे नॅनोक्रिस्टल, म्हणजे अतिबारीक स्फटिक, घेतले; ते पाण्यात मोकळे फिरतात, म्हणून हाडातल्यासारखा सिग्नल विझत नाही. मला ही वाट जास्त हुशारीची वाटते, क्राऊन इथर लिव्हरात महिनोन्‌महिने बसून राहतो ना.

माणसात २०१४ ला फ्लोरिन भरलेल्या पेशी कॅन्सर पेशंटला टोचून पाहिल्या, पण एकाच रंगात. पाण्याच्या मानानं फ्लोरिन फारच थोडा असतो, तेवढा सिग्नल गोळा करायला वेळ लागतो, वेगळी कॉइल (सिग्नल पकडणारी अँटेना) लागते, त्यामुळं मल्टिकलर अजून उंदरांच्या जबर चुंबकातच चाललंय.