खरजेचं औषध आणि घरातली माणसं

ठाण्याजवळच्या कळवा-विटाव्याच्या चाळीत किंवा दिघ्याच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत पोरगं रात्रभर अंग खाजवायला लागलं की पहिला संशय पाण्यावर जातो. टँकरचं पाणी बाधलं असेल, नाहीतर अंगात उष्णता झाली असेल. मग कडुनिंबाचा पाला उकळून आंघोळ आणि वरून खोबरेल तेलात कालवलेलं गंधक. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुळ्या आणि रात्रीच वाढणारी खाज बघून शेजारची आजी मात्र लगेच सांगते, खरूज आहे.

तिचं हे निदान हसण्यावारी नेऊ नये. 1687 साली इटलीतल्या जोव्हान्नी कोसिमो बोनोमो या डॉक्टरने खरजेच्या किड्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याचा धागा मिळाला होता तो दियाचिंतो चेस्तोनी या लिव्होर्नोच्या औषधविक्याकडून. गरीब बायका पोरांच्या खरजेतून सुईच्या टोकाने बारीक काहीतरी उकरून काढतात, हे चेस्तोनीने पाहिलं होतं. दोघांनी तो ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर पाय हलवणारा जीव! पण खरूज रक्तातल्या दोषामुळे होते, ही विद्वानांची ठाम समजूत. आपल्याकडच्या ‘रक्त बिघडलंय’चीच ती भावकी. तेव्हा बोनोमोचं कोण ऐकतो?

पुढे 1812 साली पॅरिसमध्ये गालेस नावाच्या तरुणाने किडा सापडल्याचं जाहीर करून वाहवा मिळवली. त्याने दाखवला तो चीजमधला किडा निघाला आणि बोनोमोचा खरा किडाही बदनाम झाला. 1834 मध्ये कॉर्सिकाहून आलेल्या रेनुची या विद्यार्थ्याने सेंट लुई रुग्णालयात सगळ्यांसमोर सुईने किडा काढला. ही युक्ती तो गावाकडच्या बायकांकडून शिकला होता. मोठे डॉक्टर पुळीतल्या पाण्यात शोधत बसायचे. मादी असते कातडीच्या वरच्या थरात पोखरलेल्या बिळाच्या टोकाला, पुळीपासून जरा बाजूला. बायकांना ठाऊक असलेली गोष्ट मान्य व्हायला जवळजवळ दीडशे वर्षं गेली.

औषध तर त्याच्याही आधीपासून होतंच. आयुर्वेदात पामा म्हणून जे वर्णन येतं ते खरजेशी बरंच जुळतं, आणि गंधकाचा लेप पूर्व-पश्चिम दोन्हीकडे जुना. आजही दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी डॉक्टर 5 ते 10 टक्के गंधकाचं मलम देतात. वास असह्य, कपडे पिवळे, पण काम करतं. अंदाजाने मूठभर पूड तेलात कालवली तर मात्र बाळाची कातडी सोलवटते. कडुनिंबाच्या आंघोळीची अडचण निराळी. पाणी दोन मिनिटांत अंगावरून वाहून जातं आणि किडा बिळात बसलेला असतो. औषध अंगावर तासन्‌तास टिकावं लागतं.

मग औषध असूनही खरूज घरातून जात का नाही? याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धात मिळालं. 1941 पासून इंग्लंडमधल्या शेफील्डला केनेथ मेलनबी या संशोधकाने युद्धाला नकार दिलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले कपडे त्यांनी घातले, त्यांच्याच घोंगड्यांत झोपले. मोजक्याच जणांना लागण झाली. रुग्णाच्या अंगाला अंग लावून झोपलेल्यांना मात्र ती झाली. मोजदाद केली तर रुग्णाच्या अंगावर सरासरी डझनभर किडेसुद्धा नव्हते. म्हणजे खाज किड्यांच्या गर्दीमुळे नसते, ती शरीराला आलेली ॲलर्जी असते. पहिल्या लागणीत ती उमटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर आई, धाकटा भाऊ, शेजारी झोपणारी आजी, कुणालाच काही जाणवत नाही आणि किडा त्यांच्या अंगावर मजेत असतो. दहा बाय बाराच्या खोलीत एका गोधडीखाली तिघं झोपतात, तिथे हे वेगळं सांगायला नको.

नंतरच्या काळात औषधं बदलत गेली. बेंझिल बेंझोएट आलं, ते मुलांना झोंबायचं. गामा बेंझीन हेक्झाक्लोराइड (लिंडेन) आलं, त्याने लहानग्यांना झटके येण्याचा धोका दिसला आणि ते मागे पडलं. 1989 साली अमेरिकेत पर्मेथ्रिनच्या 5 टक्के क्रीमला खरजेसाठी मान्यता मिळाली. आता आपल्याकडेही डॉक्टर बहुधा तेच लिहितात. रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली आणि बेंबीतसुद्धा लावायचं, 8 ते 14 तासांनी धुवायचं आणि आठवड्याभराने पुन्हा एकदा. तान्ह्यांना डोक्यालाही. मोठ्या माणसाला एका वेळी जवळपास 30 ग्रॅमची अख्खी ट्यूब लागते. गाडं इथेच अडतं. पाच माणसांच्या घरात एक ट्यूब येते आणि ती पोराच्या पुळ्यांवर ठिपक्या-ठिपक्याने आठवडाभर पुरवली जाते.

एकाच वेळी सगळ्यांना औषध दिलं तर काय होतं, ते फिजीत दिसलं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अख्ख्या वस्तीला आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा वर्षभरात खरजेचं प्रमाण 32 टक्क्यांवरून 2 टक्क्यांच्या खाली आलं. फक्त रुग्ण आणि त्यांच्या संपर्कातल्यांना क्रीम दिलेल्या गटात ते 37 वरून 19 वरच थांबलं. 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेने खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. 15 किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना मात्र ही गोळी सहसा देत नाहीत.

ठाण्याच्या पावसाळ्यात गोधड्या वाळता वाळत नाहीत, म्हणून धुण्याचा धसका घेऊ नये. माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपलीकडे तग धरत नाही. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस बाजूला ठेवले तरी भागतं. औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहते. ती बघून मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणू नये. त्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं, त्याने पुरळ दबतं आणि किडा तसाच राहतो. पुळ्या पिकल्या, ताप आला तर मुलाला दवाखान्यात न्यावं. चेहरा सुजला किंवा लघवी चहासारखी झाली तर त्याच दिवशी न्यावं, कारण पिकलेल्या खरजेतल्या जंतूंमुळे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते.