मुद्दाम पाणी आत घेणारं जहाज: आमच्या काल्पनिक नेव्हीचा भीमा क्लास

सोलापूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तरी माझ्या आठवीतल्या भाच्याने एक अख्खी नेव्ही वहीत उभी केलीय आणि तिच्यातल्या सगळ्यात मोठ्या जहाजांची नावं आपल्या जिल्ह्यातल्या नद्यांवरून ठेवलीत, भीमा, सीना आणि नीरा. ही सैनिक, रणगाडे आणि ट्रक थेट किनाऱ्यावर उतरवणारी जहाजं. मला हा प्रकार फार आवडला, कारण असं जहाज कागदावर काढायला बसलं की निम्मं फिजिक्स आपोआप समोर येतं.

पहिला प्रश्न, जहाज स्वतः वाळूवर चढणार की लांब थांबून होड्या पाठवणार? आपल्या नेव्हीचं शार्दूल आणि 2023 मध्ये निवृत्त झालेलं मगर ही जहाजं पहिल्या प्रकारातली, पुढचा दरवाजा उघडतो आणि गाड्या वाळूवर उतरतात. पण त्यासाठी तळ उथळ लागतो, आणि तसं जहाज खवळलेल्या समुद्रात जास्त हलतं. शिवाय भरती-ओहोटी. नोव्हेंबर 1943 मध्ये पॅसिफिक महासागरात, जपानच्या ताब्यातल्या तारावा बेटावर हल्ला करताना अमेरिकन होड्या कमी पाण्यामुळे प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या आणि सैनिकांना गोळीबारात शेकडो मीटर पाण्यातून चालत जावं लागलं, फार माणसं गेली. म्हणून भीमाला आम्ही दुसऱ्या प्रकारात घेतलं, पोटात होड्या ठेवणारं, आपल्या नेव्हीच्या जलाश्व जहाजासारखं.

आता खरी गंमत. जहाजाच्या मागच्या भागात एक लांबलचक हॉल असतो, त्याला वेल डेक म्हणतात. टाक्यांमध्ये काही हजार टन समुद्राचं पाणी घेतात, मागचा भाग खाली बसतो, मागचं गेट उघडतं, हॉलमध्ये पाणी शिरतं आणि आतल्या होड्या तरंगत बाहेर निघतात. काम झालं की पंपांनी किंवा दाबाच्या हवेने टाक्या रिकाम्या करायच्या, जहाज परत वर. भाचा म्हणाला, "मामा, पाणी आत घेतलं तर बुडंल की ओ!" प्रश्न अगदी बरोबर आहे. आमचा हॉल 60 मीटर लांब, 15 मीटर रुंद, त्यात 2 मीटर पाणी म्हणजे 1800 घनमीटर, वजन 1800 टनांच्या वर. पण बुडण्यापेक्षा मोठी भीती कलंडायची असते. परातीत पाणी घेऊन चालून बघा, जरा तिरकी झाली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी तिरकी होते. जहाजात हेच होतं, आणि पाण्याचा पृष्ठभाग दुप्पट रुंद झाला की हा परिणाम आठपट होतो, म्हणजे रुंदीच्या घनाने वाढतो (2×2×2)! टाकीच्या मधोमध लांबीने उभी भिंत घातली तर तोच परिणाम एक चतुर्थांशावर येतो, म्हणून तर टाक्या कप्प्याकप्प्यांच्या असतात.

पण वेल डेकमध्ये मधे भिंत घालता येत नाही, कारण त्यात ठेवायचं अमेरिकन पद्धतीचं मोठं हॉवरक्राफ्ट, म्हणजे हवेच्या उशीवर चालणारी होडी, एकटंच साधारण 14 मीटर रुंद असतं. मग जहाजच रुंद करायचं. इथे तोच घनाचा नियम आपल्या बाजूने काम करतो, पाण्याच्या रेषेवर रुंदी 26 वरून 30 मीटर केली की सरळ उभं राहायला तिची मदत दीडपट होते. म्हणून भीमा जाडजूड आहे, मला तर तशीच देखणी वाटते.

हवेच्या उशीमुळे हॉवरक्राफ्टला वेल डेकमध्ये पाणी नसलं तरी चालतं आणि ते जगातल्या 70 टक्क्यांहून जास्त किनाऱ्यांवर चढू शकतं. मग पाणी घ्यायचंच कशाला? तर हॉवरक्राफ्ट महाग, इंधन खूप खातं. जड माल नेणाऱ्या साध्या होड्या हव्यातच, आणि त्यांना पाणी लागतं.

भाच्याला वरच्या डेकवर फायटर विमानं हवी होती, मी विरोध केला. वर जितकं वजन जास्त तितकं गुरुत्वमध्य वर, आणि वेल डेक भरलेला असताना तेच सगळ्यात धोक्याचं. त्या जागी हेलिकॉप्टर आणि खाली मोठं हॉस्पिटल ठेवू म्हटलं. ही जहाजं युद्धापेक्षा मदतीला जास्त उपयोगी पडतात असं माझं ठाम मत आहे, मे 2020 मध्ये लॉकडाऊनच्या काळात जलाश्वने मालदीवहून 698 भारतीयांना कोचीला आणलं होतं. हॉस्पिटल जहाजाच्या लांबीच्या मध्यावर घेतलंय, कारण लाटांमध्ये टोकं वरखाली होतात तेवढा मधला भाग होत नाही, आणि तिथे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचा हात स्थिर राहायला हवा.