'काढा आणि टाकून द्या': आतड्यातल्या लहान पॉलिपच्या वादाची पार्श्वभूमी

कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत, सापडणारे बहुतेक पॉलिप (अस्तरावरच्या गाठी) 5 मिलिमीटर किंवा त्याहून लहान असतात आणि त्यांत कर्करोग निघणे फारच विरळा. तरीही काढलेला प्रत्येक तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीतून पॅथॉलॉजीकडे जातो, आणि पुढची तपासणी कधी हे अहवाल आल्यावरच ठरते. पडद्यावर पाहूनच पॉलिपचा प्रकार ओळखला तर हा खटाटोप वाचेल, एवढीच मूळ कल्पना.

सुरुवात जपानची. इंडिगो कार्मिन हा निळा रंग फवारायचा आणि भिंगातून पृष्ठभागावरच्या छिद्रांची नक्षी वाचायची, ही पद्धत तिथे 1990च्या दशकात रुळली. वेळखाऊ असल्याने बाहेर फारशी पसरली नाही. 2000 नंतर रंगाचे काम प्रकाशाकडे गेले. नॅरो बँड इमेजिंगमध्ये 415 आणि 540 नॅनोमीटरच्या आसपासचे दोनच पट्टे वापरतात. हिमोग्लोबिन ते शोषून घेते आणि रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात. (पित्तही रक्तासारखे लाल दिसते, नवखा दचकतोच.) तपकिरी वाहिन्यांनी वेढलेल्या लांबट पांढुरक्या खुणा दिसल्या तर अ‍ॅडेनोमा (पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारा पॉलिप), भोवतालच्या अस्तराइतकाच फिका असेल तर बहुधा निरुपद्रवी हायपरप्लास्टिक.

खरे घोडे अडले ते 2011च्या अमेरिकी निकषांवर. पॉलिप काढून तपासणीविना टाकायचा असेल, तर त्यावरून ठरणारी पुढच्या कोलोनोस्कोपीची मुदत पॅथॉलॉजीवरून ठरणाऱ्या मुदतीशी किमान 90 टक्के वेळा जुळली पाहिजे. गुदाशय आणि सिग्मॉइड (त्याच्या अलीकडचा वळणदार) भागातला हायपरप्लास्टिक पॉलिप जागेवरच सोडायचा, तर 'अ‍ॅडेनोमा नाही' हा निर्वाळा किमान 90 टक्के वेळा खरा ठरला पाहिजे. दुसरी अट समजण्यासारखी आहे. पहिलीत मात्र डॉक्टरच्या नजरेसोबत मुदतीचे नियमही मोजले गेले. एक-दोन लहान अ‍ॅडेनोमांसाठी तेव्हा 5 ते 10 वर्षे अशी ऐसपैस मुदत होती. 10 धरली तर अ‍ॅडेनोमाला हायपरप्लास्टिक म्हटले तरी मेळ बसतो, कारण हायपरप्लास्टिकलाही 10 वर्षेच. 5 धरली तर तीच चूक नापास करते. शिवाय ज्याला प्रमाण मानले ते पॅथॉलॉजीही अचूक नाही: तीन मिलिमीटरचा तुकडा कधी सक्शनमध्ये हरवतो, कधी ब्लॉकचा छेद नेमका चुकतो आणि अहवालात 'सामान्य अस्तर' येते.

ब्रिटनमध्ये 2017 साली पाहूनच निदान करण्याला अटींसह मान्यता मिळाली: हाय डेफिनिशन यंत्रणा, प्रशिक्षित डॉक्टर, निदानाची पक्की खात्री आणि नियमित ऑडिट. त्याच सुमारास तिथल्याच सामान्य रुग्णालयांतल्या अभ्यासात रोजच्या सेवेतली अचूकता अपुरी ठरली. तज्ज्ञ केंद्रांच्या आकड्यांवर विसंबल्याचा हा परिणाम, असे म्हणायला जागा आहे.

दरम्यान सपाट, फिकट दातेरी पॉलिपांनी दोन खणांची वर्गवारी मोडली. हायपरप्लास्टिकसारखे दिसणारे हे पॉलिप कर्करोगाकडे जाऊ शकतात; त्यांच्यासाठी 2016 मध्ये हॉलंडमधून वेगळे निकष आले. 2020 मध्ये अमेरिकेने लहान अ‍ॅडेनोमांची मुदत 7 ते 10 वर्षे केली, तर ब्रिटनने कमी जोखमीच्या रुग्णांची पाळत (ठरावीक काळाने पुन्हा कोलोनोस्कोपी) जवळपास काढूनच टाकली. साहजिकच चुकीच्या ओळखीची किंमत उतरली. 2022 मध्ये युरोपने मुदतींचा मेळ बाजूला ठेवून अ‍ॅडेनोमा ओळखण्याची अचूकताच थेट मोजायचे ठरवले.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता पडद्यावरच उत्तर देते, पण चुकले तर जबाबदार कोण, हे तिने सुटत नाही. अमेरिकेत बाटलीच्या तपासणीचे वेगळे बिल होते. टाकून दिलेल्या पॉलिपचे होत नाही.