चोरीचा ओंडका कागदावर कसा पचतो

बेकायदा तोडलेले झाड करवतीने पडते, पण बाजारात पोहोचते ते कागदाच्या जोरावर. चोरीचा ओंडका कुठल्या तरी खऱ्या परवान्याखाली लपवावा लागतो आणि त्यासाठी सगळ्यांत सोयीची जागा म्हणजे मोजमाप. ओंडक्याचे घनफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. 60 सेंमी व्यासाचा, 5 मीटर लांबीचा सरळ ओंडका 1.41 घनमीटर भरतो. तोडीच्या परवान्यासाठी केलेल्या उभ्या झाडांच्या यादीत त्याचाच व्यास 70 सेंमी लिहिला की तो 1.92 घनमीटर होतो. हा वाढीव अर्धा घनमीटर जंगलात नसतोच. वाहतूक पास मात्र त्याचाही निघतो. मग त्या पासावर संरक्षित जंगलातले लाकूड जाते.

दुसरी फट आरागिरणीत. ओंडका चिरताना भुसा, साल आणि कडांचे तुकडे वाया जातात. ब्राझीलमध्ये 100 घनमीटर ओंडक्यांतून 45 घनमीटर चिरीव लाकूड निघते असे नियमाने धरले जाई. 2016 मध्ये हा आकडा 35 वर आणला गेला. प्रत्यक्षात 35 निघत असताना कागदावर 45 चालत असतील, तर दर शंभरामागे 10 घनमीटर चोरीला आयती जागा मिळते.

मग लाकूडच तपासायचे. ओंडक्याचा आडवा छेद धारदार पात्याने गुळगुळीत करून दहापट भिंगाखाली धरला की वाहिन्यांची छिद्रे आणि बारीक किरणरेषा दिसतात. त्यांवरून बहुधा प्रजाती-समूह कळतो, नेमकी जात नाही. डीएनए ती सांगू शकतो, पण गाभ्याचे लाकूड मृत पेशींचे असल्याने तिथला डीएनए तुटलेला असतो आणि भट्टीत वाळवल्यावर तो मिळवणे आणखी कठीण होते. झाड कुठले, हे शोधायला पाण्यातून आलेल्या ऑक्सिजनच्या आणि मातीतून आलेल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची, मदत होते. अट एकच: त्या त्या भागातले संदर्भ नमुने आधीच गोळा केलेले हवेत. बहुतेक वेळा घोडे इथेच अडते.

‘एखाददुसरेच झाड तर नेले’ हा युक्तिवाद फसवा आहे. वर्षावनात मोठ्या झाडांचे शेंडे वेलींनी एकमेकांना बांधलेले असतात; एक पडताना शेजारच्यांना ओढते. वेली काही महिने आधी कापल्या तर हे नुकसान कमी होते, पण चोराला तेवढा वेळ कुठला? ओंडका ओढणारे यंत्र माती दाबून टाकते आणि पाणी कमी मुरते. शेंड्यांच्या छतातल्या भोकातून ऊन थेट खाली येते, पालापाचोळा वाळतो आणि एरवी सहसा न पेटणारे जंगल पेटू लागते. शिवाय चोर नेमकी जाड, सरळ झाडे निवडतो. म्हणजे उत्तम बीज देणारीच जातात.

गावाच्या वाट्याला मजुरी येते, तीही लाकडाच्या किमतीच्या मानाने नगण्य. स्वस्त चोरीचा माल बाजारभाव पाडतो आणि कर भरून, नियमाने तोडणाऱ्या गावाचे लाकूड महाग ठरते.

ग्वाटेमालातल्या पेतेन भागात 1990 च्या दशकापासून गावांच्या संस्थांना जंगल दीर्घ कराराने दिले आहे. तिथे करार चालू असलेल्या क्षेत्रांत जंगलतोड अत्यल्प राहिली आहे. अशा व्यवस्थापनात तोडीचे प्रत्येक झाड आधी मोजून नकाशावर घेतात. ओंडका निघून गेला तरी बुंधा जागेवरच असतो. पास दाखवणाऱ्याला तो बुंधा कुठे आहे, असे विचारता येते आणि फीत लावून त्याचा व्यासही पडताळता येतो.