विधानसभा उपाध्यक्ष

अध्यक्ष गैरहजर असताना किंवा अध्यक्षपद रिकामे असताना विधानसभेचे कामकाज चालवणारे घटनात्मक पद. राज्यघटनेच्या 178व्या कलमानुसार सभागृह आपल्या सदस्यांमधूनच अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडते. त्यामुळे उपाध्यक्ष हा अध्यक्षांच्या हाताखालचा माणूस नव्हे. त्याला हटवायचे तर 14 दिवसांची नोटीस आणि सभागृहाच्या त्या वेळच्या एकूण सदस्यांचे बहुमत लागते. राजीनाम्याची रीतही बोलकी आहे : अध्यक्ष तो उपाध्यक्षांकडे देतात आणि उपाध्यक्ष अध्यक्षांकडे.

सोलापूर जिल्ह्यातून विधानसभेवर 11 आमदार जातात. या आसनाचे मोल इथल्या मतदारांना 2021 आणि 2022 अशी लागोपाठ दोन वर्षे जवळून कळले. त्या काळात उपाध्यक्ष होते नरहरी झिरवाळ. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी या आदिवासी राखीव मतदारसंघातून ते 2004 मध्ये पहिल्यांदा निवडून आले. 2009 चा पराभव पचवून 2014 आणि 2019 मध्ये त्यांनी पुन्हा विजय मिळवला आणि मार्च 2020 मध्ये ते उपाध्यक्ष झाले. फेब्रुवारी 2021 मध्ये नाना पटोले यांनी अध्यक्षपद सोडले आणि पुढचे सुमारे 17 महिने ती खुर्ची रिकामीच राहिली. इतके दिवस अध्यक्षाविना सभागृह चालवणे राज्याला शोभणारे नव्हते.

जुलै 2021 च्या अधिवेशनात तालिका अध्यक्ष (अध्यक्ष-उपाध्यक्ष आसनावर नसताना कामकाज चालवणारे सदस्य) भास्कर जाधव आसनावर असताना गोंधळ झाला आणि भाजपचे 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. त्यांत सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरसचे राम सातपुतेही होते. म्हणजे माळशिरसकरांचा आवाजच सभागृहाबाहेर गेला. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निलंबन रद्द केले. त्या अधिवेशनापलीकडे निलंबन टिकत नाही, वर्षभराची शिक्षा प्रत्यक्षात मतदारसंघालाच भोगावी लागते, असे न्यायालयाने बजावले. मतदाराच्या बाजूने इतके स्पष्ट बोललेला निकाल विरळाच.

जून 2022 मध्ये शिवसेनेत बंड करून एकनाथ शिंदे यांचा गट गुवाहाटीला गेला. त्यात सोलापूर जिल्ह्यातल्याच सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील होते. तिथून कार्यकर्त्याशी फोनवर बोलताना त्यांनी काढलेले ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे शब्द घराघरांत पोहोचले. सांगोल्याची बोली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने ऐकली. इकडे मुंबईत झिरवाळ यांनी या गटातल्या 16 आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या. पण खुद्द उपाध्यक्षांनाच हटवण्याची नोटीस शिंदे गटाने आधी दिली होती. अनोळखी ईमेलवरून आली म्हणून झिरवाळ यांनी ती फेटाळली. आपल्यावरच अविश्वासाची नोटीस असताना पीठासीन अधिकाऱ्याला दुसऱ्याची आमदारकी ठरवता येते का, हा पेच इथूनच उभा राहिला. 27 जूनला सर्वोच्च न्यायालयाने आमदारांच्या उत्तराची मुदत 12 जुलैपर्यंत वाढवली. त्याआधीच सरकार पडले आणि 3 जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले. 11 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा प्रश्न सात न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.

झिरवाळ मात्र उपाध्यक्षपदी कायम राहिले. धनगर समाजाला अनुसूचित जमातींचे आरक्षण देण्याला त्यांचा विरोध होता. याच विरोधातून 4 ऑक्टोबर 2024 रोजी पदावर असतानाच त्यांनी मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून खालच्या संरक्षक जाळीवर उडी घेतली. धनगर समाज मोठ्या संख्येने असलेल्या सोलापूर जिल्ह्यात या मागणीची बाजू तितक्याच तळमळीने मांडली जाते. डिसेंबर 2024 मध्ये झिरवाळ मंत्री झाले, तर मार्च 2025 मध्ये पिंपरीचे अण्णा बनसोडे बिनविरोध उपाध्यक्ष झाले.