ओपन-वर्ल्ड गेममधील ठोकळेबाज पात्रे

ज्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू मोठ्या नकाशावर हवे तिथे, हव्या त्या क्रमाने फिरू शकतो, त्याला ओपन-वर्ल्ड गेम म्हणतात. त्या जगात खेळाडूच्या ताब्यात नसलेली शेकडो माणसे वावरतात : दुकानदार, पहारेकरी, भिकारी, रस्त्याने येणारे-जाणारे. गेमर त्यांना एनपीसी म्हणतात. ही माणसे दोन-चार ठरावीक वाक्यांपलीकडे बोलत नाहीत, कालचे त्यांना आज आठवत नाही आणि खेळाडूने जग वाचवले तरी त्यांचे वागणे बदलत नाही, हा या गेमवरचा जुना आणि बव्हंशी रास्त आक्षेप आहे.

पात्रांना निदान दिनक्रम तरी असावा, ही कल्पना ‘अल्टिमा ५’ (१९८८) इतकी जुनी. ‘अल्टिमा ७’ (१९९२) मध्ये गावकरी ठरल्या वेळी कामाला जातात, जेवतात, झोपतात. उलट ‘मोरोविंड’ (२००२) मधला दुकानदार रात्रंदिवस गल्ल्यामागे उभाच असतो. त्याच्याकडे सांगण्यासारखे मात्र पुष्कळ असते, कारण बहुतेक संवाद लिखित आहेत. अर्थात शेजाऱ्याला तेच विचारले तर बहुधा अक्षरशः तेच उत्तर मिळते.

या प्रश्नाचे सगळे पदर दिसतात ते बेथेस्डा या गेम-कंपनीच्या ‘ऑब्लिव्हियन’ मध्ये (२००६). ‘रेडियंट एआय’ नावाच्या व्यवस्थेत पात्राला ‘अमुक वेळी जेव’ एवढेच उद्दिष्ट दिले जाई. अन्न कुठून आणायचे ते त्याने ठरवायचे. चाचण्यांच्या वेळी पात्रे हव्या त्या वस्तूसाठी एकमेकांचे मुडदे पाडू लागली, तेव्हा ही मोकळीक बरीच आवळावी लागली. शिवाय प्रत्येक वाक्य आता ध्वनिमुद्रित होते. कलाकार मोजके, त्यामुळे गावोगावी तेच आवाज. भिकारी भीक मागताना घोगऱ्या, थकलेल्या सुरात बोलतो आणि अफवा विचारली की क्षणात खणखणीत आवाजात उत्तर देतो. रस्त्यात भेटलेले दोघे चिखलातल्या खेकड्यांना नावे ठेवतात आणि मध्येच निरोप घेऊन चालू लागतात. यावर विनोद पुष्कळ झाले. पण पात्रांना आपापसात बोलू देण्याचा प्रयत्न त्यात खरा होता, हे विसरू नये.

पाच वर्षांनी आलेल्या ‘स्कायरिम’ मध्ये दुकानदाराच्या डोक्यावर बादली घातली की त्याच्यासमोर दुकान धुऊन नेता येते. पात्राला खेळाडू ‘दिसतो’ की नाही हे दोघांमधील दृष्टिरेषा अडली आहे का यावर ठरते, आणि ती बादलीने अडते. बादली कोणी घातली, का घातली, हे ताडणारे काही त्या डोक्यात नसतेच. याच गेममधल्या पहारेकऱ्यांचे ‘गुडघ्यात बाण लागला’ हे वाक्य शहरोशहरी इतक्यांदा ऐकू येई की त्याचे मीम झाले.

उथळपणाचे पहिले कारण पैसा. नकाशा वाढवणे तुलनेने स्वस्त पडते. संवादाला फुटणारी प्रत्येक फांदी मात्र लिहावी, बोलून घ्यावी आणि अनेक भाषांत पुन्हा करावी लागते. दुसरे, संगणकाची कुवत. बहुतेक गेममध्ये खेळाडूच्या आसपासचीच गर्दी खऱ्या अर्थाने अस्तित्वात असते. पाठ फिरवून पुन्हा पाहावे तर रस्त्यावर वेगळीच माणसे. ‘सायबरपंक २०७७’ (२०२०) मध्ये गुन्हा घडताच पोलिस पाठीमागे हवेतून अवतरत, त्यावर बरीच टीका झाली; २०२३ च्या २.० आवृत्तीत पोलिस यंत्रणा नव्याने बसवावी लागली.

तिसरे कारण कमी बोलले जाते, पण माझ्या मते तेच सर्वांत खोल आहे : खेळाडूचे स्वातंत्र्य. कोणालाही मारता येत असेल तर कथा कोणावर टेकवायची? ‘मोरोविंड’ मध्ये कथेतले महत्त्वाचे पात्र मारले की भविष्यवाणीचा धागा तुटल्याची सूचना येई आणि पुढचे आपण निस्तरायचे. ‘ऑब्लिव्हियन’ ने अशा पात्रांना अमरच केले. ती बेशुद्ध पडतात आणि थोड्या वेळाने उठून उभी राहतात. ज्याचे काही बिघडूच शकत नाही, त्याच्याशी नाते तरी कसले जुळणार?

उपाय झाले ते बहुधा आवाका आवरून. ‘मेजोराज मास्क’ (२०००) ने एक छोटे शहर आणि तीनच दिवस घेतले. कोण कधी कुठे असते हे वहीत टिपत गेले की त्या माणसांची दुःखे कळत जातात. ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’ (२०१४) मधल्या ‘नेमेसिस’ पद्धतीत खेळाडूला मारणारा ऑर्क (शत्रुसैन्यातला राक्षस) बढती मिळवतो, आणि पुढच्या भेटीत मागची आठवण काढून टोमणे मारतो. गेमची प्रकाशक कंपनी वॉर्नर ब्रदर्सने या पद्धतीचे पेटंट घेतल्यावर (२०२१) इतरांची वाट अडली, अशी तक्रार आजही ऐकू येते. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) ने मात्र आवाका न आवरता खर्चच वाढवला : सुमारे ५ लाख संवाद-ओळी, आणि रस्त्यावरच्या कोणालाही नमस्कार करण्याची किंवा डिवचण्याची सोय.

२०२३ पासून ‘स्कायरिम’ साठी चॅटजीपीटीसारख्या भाषा-प्रारूपांवर चालणारे मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले फेरबदल) उपलब्ध आहेत. त्यांतले पात्र तासभर गप्पा मारते आणि त्या लक्षातही ठेवते. त्या गप्पांतून जगात घडू शकते ते मात्र जोडून दिलेल्या मोजक्या कृतींपुरतेच : सोबत येणे, हल्ला करणे, माफ करणे.